रुंद समासाचं अभ्यास-बायबल: वर्षभर गटात वापरून

ही प्रत मी एकटीने वाचायला घेतली नव्हती. आम्ही अकरा जण आठवड्यातून एकदा दीड तास एकत्र बसून वाचतो. गेल्या वर्षी ठरवलं की यंदा बायबलमधला एकच धागा धरायचा. शेजाऱ्याशी, कामाच्या माणसाशी, पैशाशी आणि जिभेशी कसं वागायचं म्हणून हे शास्त्र सांगतं, तेवढंच वाचायचं. शेवटच्या काळाच्या तारखा नकोत, पंथापंथांतले वाद नकोत. त्यासाठी सगळ्यांच्या मध्ये उघडी ठेवता येईल, मोठ्या टायपाची आणि समासात लिहिता येईल अशी प्रत हवी होती. जुना आणि नवा करार मिळून 66 पुस्तकं, प्रत्येक पुस्तकाआधी ओळख, पानाच्या मधोमध संदर्भ-वचनांचा बारीक रकाना, तळाला टिपा, शेवटी विषयसूची आणि नकाशे, अशी ही रचना. अशा प्रती बरेच प्रकाशक काढतात, म्हणून मी प्रकाशकाबद्दल न लिहिता रचनेबद्दल लिहिते.

मी हिशेब लिहिण्याचं काम करते. त्यामुळे माझी नजर कुठे जास्त जाते, ते पुढे दिसेलच.

सुरुवात जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायापासून केली. 37 वचनांचा अध्याय. पहिल्याच वाक्यात देव म्हणतो की तुम्ही पवित्र असा, कारण मी पवित्र आहे. मग वाटतं, आता यज्ञ, धूप, उपास असलं काही येणार. येतं काय? शेताचे कोपरे कापू नका, गरिबाला आणि परक्याला राहू द्या. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. चहाड्या करत फिरू नका. वजनं खरी ठेवा. एकेका गोष्टीनंतर पुन्हा पुन्हा तेच वाक्य येतं, मी परमेश्वर आहे. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा हे वाक्य बहुतेकांना येशूच्या तोंडचं म्हणून माहीत असतं. ते मुळात इथलं आहे, अठराव्या वचनातलं, मजुरी आणि वजनमापाच्या शेजारचं. प्रीती म्हणजे काय, ते आजूबाजूच्या वचनांनी आधीच सांगून टाकलेलं असतं.

आणि या अध्यायाला प्रतीत मथळा काय दिला आहे? ‘निरनिराळे नियम’.

या प्रतीबद्दलची माझी सगळ्यात मोठी तक्रार इथेच आहे. मथळे मूळ लिखाणातले नाहीत, संपादकांचे आहेत. अध्यायही मूळ लेखकांनी पाडलेले नाहीत, ते तेराव्या शतकातले. नव्या कराराच्या वचनांना आज चालतात ते आकडे तर 1551 मधले, रोबेर एस्तिएन या छापखानदाराने घातलेले. हे सगळं सोयीसाठी आहे हे मला मान्य आहे. पण वाचणाऱ्याचा डोळा आधी ठळक अक्षरांवर जातो. ‘निरनिराळे नियम’ वाचलं की माणूस पान उलटतो. आमच्यातल्या दोघांनी पूर्वी बायबल सलग वाचून काढलेलं होतं, आणि दोघांनाही हा अध्याय वाचल्याचं आठवत नव्हतं.

त्या दिवशी तेरावं वचन मोठ्याने वाचायची पाळी माझी होती. मजुरी रात्रभर ठेवू नका. वाचलं, पुढच्याने चौदावं सुरू केलं, आणि मला त्यानंतरचं काही ऐकूच येईना. दोन आठवड्यांपूर्वी एक जण माझ्याकडचा गळका नळ दुरुस्त करून गेला होता. सुटे नव्हते म्हणून मी त्याला ‘पुढच्या आठवड्यात ये’ म्हटलं होतं. तो आठवडा कधीच उलटून गेला होता. दुसऱ्यांचे येणे-देणे तारखेनिशी लिहिणारी मी, आणि हे देणं माझ्या कुठल्याच वहीत नव्हतं. सकाळी फोन केला. माझा आवाज ओळखून तो म्हणाला, ‘ताई, परत गळतोय का?’ पैशाचं त्याने काढलंच नाही. तो विसरला असेल असं मला वाटत नाही. मागितलं तर पुढचं काम जाईल, हा हिशेब त्याला माझ्यापेक्षा चांगला कळत असणार.

आता प्रतीचा मोठा गुण सांगते. त्या तेराव्या वचनाशेजारी मधल्या रकान्यात बारीक टायपात दोनच संदर्भ आहेत, जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकातला 24:14-15 (म्हणजे 24 वा अध्याय, वचनं 14-15) आणि नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रातला 5:4. पहिल्या ठिकाणी गेलं की कारण कळतं. मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. दुसऱ्या ठिकाणी गेलं की अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश देवाच्या कानी पोहोचतो. मधे कितीतरी शतकं गेलेली आहेत, भाषा हिब्रूची ग्रीक झाली आहे, आणि मजुरी तीच आहे. कुणी प्रवचन दिलं नाही, समजावलं नाही. एका रकान्यातल्या दोन आकड्यांनी तीन पानं जोडून दिली. हा रकाना ज्यांनी तयार केला त्यांनी मनापासून काम केलं आहे. वर्षभरात तो आम्हाला फार थोड्या वेळा भलतीकडे घेऊन गेला.

याकोबाच्या पत्रात मात्र मथळ्याने पुन्हा घोळ घातला. पाचव्या अध्यायाच्या सुरुवातीला लिहिलं आहे, ‘श्रीमंतांना ताकीद’. आमच्या गटात एक जण बांधकामाची लहान लहान कामं अंगावर घेतो. मथळा वाचून तो सहज म्हणाला, ‘चला, हा भाग आपल्यासाठी नाही.’ त्याचं खोटं नव्हतं, तो काही श्रीमंत नाही. पुढच्या बैठकीत मी मथळ्यावर कागदाची पट्टी ठेवली आणि चौथं वचन पुन्हा वाचायला दिलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग स्वतःच म्हणाला की माणसं पुढच्या कामाला परत यावीत म्हणून मी शेवटच्या दोन दिवसांचे पैसे नेहमी राखून ठेवतो, आणि या धंद्यात सगळेच ठेवतात. आता तो काम संपेल त्याच संध्याकाळी पैसे चुकते करतो. असे पैसे घेऊन दोघं गेले ते परत आले नाहीत, हेही त्याने आम्हाला सांगितलं. त्याने नंतर पुन्हा पैसे राखून ठेवायला सुरुवात केली नाही, म्हणून हे इथे लिहिते आहे.

तळटिपांबद्दल माझं मत दुभंगलेलं आहे. मापांच्या टिपा चांगल्या आहेत. एफा म्हणजे धान्याचं माप, साधारण 22 लिटर, हे कळलं की आमोस या संदेष्ट्याच्या पुस्तकातले, 8:5-6 मधले व्यापारी डोळ्यांपुढे उभे राहतात. सण कधी संपतो आणि आपण धान्य विकायला कधी बसतो याची वाट पाहणारे, एफा लहान करणारे, पैसे तोलायचं वजन वाढवणारे, धान्याबरोबर कोंडाही खपवणारे. हस्तलिखितांबद्दलच्या टिपाही प्रामाणिक आहेत. पण वागणुकीचा विषय आला की टीप मागे सरकते. अनुवाद 25:13 मध्ये पिशवीत दोन वजनं ठेवू नका असं सांगितलं आहे, एक मोठं आणि एक लहान. घेताना एक, देताना दुसरं. तळटीप म्हणते, प्राचीन काळी व्यापारी दगडाची वजनं वापरत. झालं, एवढंच. वजन दगडाचं होतं हे खरं आहे, पण वचनाचा जोर ‘दोन’ या शब्दावर आहे. मला तिथे तराजू दिसतच नाही, मला दोन वह्या दिसतात. एक दाखवायची आणि एक ठेवायची. असं काम मी पूर्वी केलेलं आहे. यंदा एकाला नाही म्हणाले आणि ते काम गेलं. टीप लिहिणाऱ्याने एकच वाक्य जास्त लिहिलं असतं, तर माझ्यासारखीला वीस वर्षं आधी थांबता आलं असतं असं मी म्हणणार नाही, पण निदान अडखळता आलं असतं.

याकोबाच्या ओळखीतही तेच. हे पत्र 5 अध्यायांचं, 108 वचनांचं. ओळखीची दोन पानं विश्वास मोठा की कृती मोठी, नव्या करारातली बरीच पत्रं ज्याच्या नावावर आहेत तो पौल आणि याकोब यांच्यात विरोध आहे की नाही, यात गेली आहेत. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला ‘तू तिकडे उभा राहा’, हे दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीचं चित्र ओळखीत एका ओळीत उरकलं आहे. आम्ही ते वाचलं तेव्हा आपापल्या बसायच्या जागा पाहिल्या. घरकाम करणारी एक बाई वर्षभर दाराजवळच बसत होती, आणि आमच्यातल्या कुणाच्याही ते लक्षात आलेलं नव्हतं.

प्रतीच्या शेवटी महत्त्वाच्या शब्दांचे अर्थ दिले आहेत, आणि त्यातली ‘नीतिमत्त्व’ या शब्दाची नोंद फार मोलाची आहे. मराठी बायबलमध्ये हा शब्द सारखा येतो. पण कानावर पडला की डोळ्यांपुढे येतो तो एकटा, स्वच्छ, निर्व्यसनी माणूस. नोंदीत म्हटलं आहे की यामागच्या ‘दिकायोसुने’ या ग्रीक शब्दात नीतीने वागणं आणि न्याय हे दोन्ही येतात, आणि हिब्रूत ‘सेदाका’ हा शब्द बऱ्याचदा ‘मिश्पात’, म्हणजे न्याय, याच्या जोडीने येतो. आमोस 5:24 मध्ये ही जोडी आहे. न्याय पाण्यासारखा वाहू द्या आणि नीतिमत्त्व न आटणाऱ्या ओढ्यासारखं. हे कळल्यावर डोंगरावरच्या प्रवचनातलं नीतिमत्त्वाची भूक आणि तहान लागलेल्यांबद्दलचं वचन आम्ही पुन्हा वाचलं. पहिल्या खेपेला जे जण ‘मी तर दारू पीत नाही, खोटं बोलत नाही’ म्हणत होते, ते दुसऱ्या खेपेला दाराजवळच्या जागेबद्दल बोलू लागले. एका नोंदीने एवढं केलं.

विषयसूची मात्र निराश करते. प्रार्थनेला दीड रकाना, देवदूतांना अर्धा. ‘मजुरी’ नाही. ‘वजन’ नाही. ‘गहाण’ नाही, ‘उसनं’ नाही, ‘चहाडी’ नाही. प्रार्थनेला जागा दिली याचं दुःख नाही, पण या सूचीवरून कुणी बायबल ओळखायला गेला, तर त्याला वाटेल की या पुस्तकात कुणी कुणाचं काही देणंच लागत नाही. शेवटी चार कोरी पानं आहेत, त्यांवर आम्ही आमची सूची केली. मजुरी: लेवीय 19:13, अनुवाद 24:14-15, यिर्मया 22:13, मलाखी 3:5, याकोब 5:4. गहाण: निर्गम 22:26-27, अनुवाद 24:6 आणि 24:10-13, आमोस 2:8. चहाडी: लेवीय 19:16, नीतिसूत्रे 11:13 आणि 26:20. नुकसानभरपाई: निर्गम 22:1, लेवीय 6:4-5, लूक 19:8. कठडा: अनुवाद 22:8. या शेवटच्या वचनात नवं घर बांधलं की गच्चीला कठडा कर, नाहीतर कुणी पडलं तर त्याचं रक्त तुझ्या घरावर, असं सांगितलं आहे. त्या आठवड्यात आमच्यातल्या एकाने सहा महिने बंद पडलेला जिन्यातला दिवा बदलला. तो दिवा बदलणं त्याचं काम नव्हतं.

एक प्रसंग सांगायला जड जातो, पण तो सोडून हे परीक्षण पुरं होणार नाही. आमची एक छोटी वर्गणी असते, आजारपणात कुणाला मदत करायला. ती एका बाईंकडे असे. उन्हाळ्यात माझ्या बेरजेला पैसे कमी आले. मी त्यांना विचारलं नाही. आधी दोघींना बोलले, ‘जरा बघा हं, काहीतरी गडबड दिसते.’ पुढच्या बैठकीत जक्कया या जकातदाराची गोष्ट होती, तो ज्याला फसवलं त्याला चौपट परत देईन म्हणतो ती. वाचणाऱ्या बाईने ‘चौपट’ म्हणताना मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. सगळ्यांना कळलं. पुढच्या आठवड्यापासून त्या यायच्या बंद झाल्या.

ज्या वचनांनी मला नळवाल्याला फोन करायला लावला, तीच वचनं आम्ही एका माणसावर दगडासारखी उचलली होती. मला झोप लागेना. मत्तय 18:15 काढलं. भावाने अपराध केला तर आधी एकांतात जा, तू आणि तो, दोघंच. तळटीप म्हणते की काही जुन्या हस्तलिखितांत ‘तुझ्याविरुद्ध’ हे शब्द नाहीत. म्हणजे अपराध माझ्याविरुद्ध असो वा नसो, पहिली पायरी तीच. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर ने, तरी नाही तर मंडळीला सांग. मी या पायऱ्या उलट्या उतरले होते. शेजारच्या रकान्यात लेवीय 19:17 चा संदर्भ आहे, मनात द्वेष ठेवू नको, समोर बोल. त्याच्या आधीचं वचन चहाडीचं. आम्ही वर्षाच्या सुरुवातीला वाचलेलं, माझ्याच अक्षरात समासात टीप असलेलं.

वह्या पुन्हा काढल्या. एक खर्च मीच दोन ठिकाणी वजा धरला होता. पैसे पुरे होते.

मी एकटी त्यांच्याकडे गेले. त्यांनी दार उघडलं, बसा म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानेच सांगितलं, बेरीज माझी चुकली आणि तुम्हाला विचारायच्या आधी मी दोघींना सांगितलं. मग त्या दोघींकडे गेले, आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर तेच सांगितलं. कारण बोलणं सगळ्यांपर्यंत पोहोचलेलं होतं, तर माफीही तिथपर्यंत जायला हवी होती. त्या पाच आठवड्यांनी परत आल्या.

म्हणून नव्याने असा गट सुरू करणाऱ्यांना सांगते, मत्तय 18 आणि लेवीय 19 यांपैकी एक वाचलंत तर दुसरं लगेच वाचा. बैठकीची सुरुवात स्तोत्र 15 ने करा, पाचच वचनं आहेत. परमेश्वराच्या मंडपात कोण राहील, असा प्रश्न आहे आणि उत्तरात जिभेने चहाडी न करणारा, आपलं नुकसान झालं तरी दिलेला शब्द न फिरवणारा, लाच न घेणारा येतो. प्रत्येकाने ते आधी स्वतःशी म्हणायचं. आमची खूणफीत त्या प्रसंगापासून तिथेच आहे.

बाकी बांधणीचं. शिलाई पक्की आहे, डिंकावर भागवलेलं नाही. वर्षभर रोज उघडूनही पानं सुटली नाहीत, आणि मधली पुस्तकं टेबलावर सपाट राहतात. उत्पत्ति आणि प्रकटीकरण मात्र हाताने दाबून धरावं लागतं. कागद पातळ आहे. शाईचं पेन वापरलं तर पाठीमागे उमटतं, लेवीय 19 च्या मागच्या पानावर आमच्या टिपांची सावली कायमची पडली आहे. पेन्सिल वापरा, तीही मऊ. समास दोन बोटं रुंद आहे आणि तेवढा पुरतो. खूणफीत एकच दिली आहे, एवढ्या जाड पुस्तकाला निदान दोन हव्यात. नकाशे सुबक आहेत, आम्हाला एकदाही लागले नाहीत.

येशूचे शब्द लाल शाईत आहेत. ही पद्धत फार जुनी नाही, लुई क्लॉप्शने 1899 मध्ये पहिला लाल अक्षरांचा नवा करार काढला. हेतू भक्तीचा आहे. पण गटातल्या वयस्कर आजींना दिव्याच्या उजेडात लाल अक्षरं वाचवत नाहीत, त्या अंदाजाने पुढे जातात. आणि दुसरं असं की लाल ते जास्त महत्त्वाचं, असं मनात बसतं. याकोब आणि आमोस सगळेच काळे. काळ्या अक्षरांची आवृत्ती मिळत असेल तर ती घ्या.

घेण्याआधी एक करून पाहा. याकोब 5:4 उघडा आणि शेजारच्या रकान्यात लेवीय 19:13 किंवा अनुवाद 24 चा संदर्भ आहे का ते बघा. मग लेवीय 19 चा मथळा वाचा. मग विषयसूचीत ‘मजुरी’ शोधा. तीन मिनिटं लागतात. आमच्या प्रतीला यात तीनपैकी एक गुण मिळतो, तरी त्या एका रकान्यासाठी आणि समासासाठी मी ती पुन्हा घेईन. एकट्याने प्रवासात वाचायला ही नको, जड आहे. चार माणसं टेबलाभोवती बसणार असतील तर चांगली.

सध्या प्रत त्या बाईंकडे असते, वर्गणीच्या वहीबरोबर. वही अजूनही त्याच सांभाळतात.